फक्कीनं आखलेलं घर

आत्या घरात यायच्या आधी तिचा आवाज यायचा. नागपूरची बस सौंसरच्या स्टँडावर थांबली की तिथून ती पायीच यायची, खांद्यावर कापडी झोळी, काखेत नकाशांची लांब नळी, आन् दाराशी उभी राहून एका पायानं दुसऱ्या पायाची चप्पल काढता काढता म्हणायची, "आली गं मी." कोणाले म्हणायची ते ठरलेलं नव्हतं. जो ऐकेल त्याले. आतून आई ओ द्यायची, "या ताई, चहा ठेवला." खरं तर ठेवलेला नसायचा, आई तेव्हा भांडंच शोधत राहे, पण आत्या हातपाय धुऊन येईस्तोवर चहाले उकळी फुटलेली राहे. बाबा म्हणजे आत्याचा लहान भाऊ, हायस्कुलात गणित शिकवायचे. ते पेपरातून डोकं वर काढत, ताई आली एवढं पाहून घेत आन् पुन्हा पेपरात जात. ओ देणं हे काम त्यायच्या खात्यातच नव्हतं.

मले तेव्हा सगळ्याचे आवाज काढायची खोड होती. आमचं गाव सीमेपलीकडं, हिंदी राज्यात, म्हणून शाळेत हिंदी, घरी मराठी, आन् नकला दोन्हीत. बसचा कंडक्टर नाकातून "नागपूर नागपूर नागपूर" करे तो, संत्र्याच्या लिलावात दलाल रुमालाखाली बोटं दाबता दाबता घसा खाकरे तो, आमच्या मोठ्या बाई प्रार्थनेच्या वेळी माइकमधी फुंकर मारत तो फूऽऽ, सगळं माह्या गळ्यात भरून होतं. एकदा मी मोठ्या बाईच्या आवाजात वऱ्हांड्यातून सुट्टी जाहीर केली तं अर्धी शाळा घरी गेली होती. बाबाले हे अजिबात आवडत नव्हतं. पोट्टी नौटंकीत जाऊन राहिली, असं ते आईले सांगत, माह्याशी नाही बोलत. घरात मले दाद देणारं माणूस एकच, आत्या. ती मले मैना म्हणे. माह्या बापाले ती त्यायच्या विद्यार्थ्यांसमोर बंडू म्हणे, म्हणून मले ती आणखीच आवडे.

आत्या आर्किटेक्ट होती. आमच्या भागातून हे शिकाले गेलेली ती पहिली बाई, हे मले फार उशिरा समजलं, कारण घरात कोणी तसं सांगतच नव्हतं. वर्गात ती एकटी पोरगी. मास्तर म्हणाले होते का तू स्वयंपाकघराचे नकाशे काढ, बाकीचं घर हे पोट्टे पाहून घेतील. तिनं वर्षभर स्वयंपाकघरंच काढली. ती म्हणे, त्या मास्तरचे उपकारच झाले, धूर कुठून जाते, पाणी कुठून येते, उजेड कोणत्या हातावर पडते आन् बाईची कंबर कुठं दुखते हे ज्याले समजलं त्याले घर समजलं. पुढं ती नागपूरले कॉलेजात शिकवाले लागली, आन् शिकवता शिकवताच म्हातारी झाली. साइटवर मिस्त्री लोक तिले "साहेब" म्हणत, कारण बाईसाठी त्यायच्यापाशी दुसरा शब्दच नव्हता. राहायची मात्र पोरींच्या होस्टेलात, फाटकाजवळच्या एका खोलीत. कोणी पोरगी बाहेरून आली की खिडकीपाशी थांबून नाव सांगे, आन् आत्या आतून म्हणे, "ये." किती पोरींले तिनं असं ये म्हटलं असेल. तिच्या हाताखालून गेलेल्या पोरींनी गावोगाव घरं बांधली. तिनं स्वतःसाठी एक पलंग आन् एक टेबल यापलीकडं काही केलं नाही.

तिची काम कराची एक तऱ्हा होती, ती मी दुसऱ्या कोणापाशी पाह्यली नाही. कागदावरच्या नकाशावर तिचा भरवसा नसे. घर बांधायच्या आधी ती मोकळ्या प्लॉटवर पूर्ण मापाचं घर चुन्याच्या फक्कीनं आखे. भिंती म्हणजे पांढऱ्या रेघा, दार म्हणजे रेघेत सोडलेली जागा, पलंग, चूल, देवघर, पाण्याचा माठ, सगळं चुन्यानं. मंग त्या घरात राहणाऱ्या सगळ्यायले बोलावून ती एक अख्खा दिवस तिथं जगून दाखवाले लावे, सकाळी उठण्यापासून रात्री दिवा मालवेपर्यंत. आन् नियम असा, का आपलं काम आपण करायचं नाही. तुमचं सोंग दुसऱ्यानं घ्यायचं, तुम्ही खुर्चीवर बसून पाहायचं. ती म्हणे, माणूस स्वतःचं करतानी नीटनेटकं करते, दुसरा करते तेव्हाच खरं दिसते. काही चुकलं, कोणी अडखळलं, की ती पायानं चुन्याची रेघ पुसे, दुसरीकडं ओढे, आन् सांगे, पुन्हा दारातून या. सुट्टीच्या दिवसांत या सोंगासाठी ती मले घेऊन जाये. माह्या नकलेची एवढी किंमत जगात दुसऱ्या कोणी केली नाही.

पांढुर्ण्याचं एक घर मले अजून आठवते. कापडाचं दुकान असलेली मंडळी, दोन भाऊ, दोन सुना आन् एक म्हातारी सासू. सासूचं काम मले दिलं. मी सकाळभर म्हातारीले पाहून घेतलं होतं. कमरेवर हात, पाय घासत चालणं, दर दोन वाक्यांनंतर "बाप्पा" म्हणणं. मी चुन्याच्या पलंगावरून उठली, कण्हली, सुनेले हाक मारली, तं सुना तोंडाले पदर लावून हसत होत्या. मंग मी संडासाकडं निघाली. नकाशात ती वाट बैठकीतून जात होती, आन् बैठकीत थोरल्या भावाचं सोंग घेतलेला नोकर गिऱ्हाइकासोबत बसला होता. मी उंबऱ्याशी थबकली, पदर सावरला, परत फिरली, पलंगावर बसली, पाय एकमेकांवर दाबून धरले. सगळे पोट धरून हसले. म्हातारी हसली नाही. ती खुर्चीतून हळूच म्हणाली, "अशीच बसून राह्यते मी. जुन्या घरात अशीच बसून राह्यते." दोन्ही भावांच्या माना खाली गेल्या.  आत्या उठली, पायानं एक भिंत पुसली आन् म्हातारीच्या खोलीले मागून दार दिलं. परत येतानी बसमधी ती मले संत्रं सोलून देत म्हणाली, का तुले हसवता येते हे चांगलंच आहे, पण जो हसत नाही त्याच्याकडं पाहत जाय.

बाबानं आजोबाच्या संत्र्याच्या बगिच्यातला एक कोपरा, रामाकोन्याकडं जाणाऱ्या रस्त्यालगतचा, तिच्या नावानं ठेवला होता. घरात त्याले ताईचा तुकडा म्हणत. दरवर्षी दसरा झाला की आत्या तिथं आपल्या घराची फक्की मारे. दरवर्षी मधातच कोणाचं तरी काम निघे, लोधीखेड्याच्या शाळेचं, कोण्या विद्यार्थिनीच्या पहिल्या साइटचं, आन् हिचं घर राहून जाये. पाऊस आला की रेघा धुऊन जात. पुढच्या दसऱ्याले पुन्हा नवी फक्की. आई म्हणे, ताईचं घर गवतासारखं आहे, दरसाल उगवते. त्या घरात एक दिवस जगून मात्र कोणी पाह्यलं नव्हतं. आपलं काम आपण करायचं नाही, आन् आत्याचं सोंग घ्यायची छाती कोणाची? माही पण नव्हती तेव्हा.

मंग तिचा आवाज बसला. आधी वाटलं वर्गात ओरडून बसला असेल. आईनं हळद-दूध दिलं, ज्येष्ठमध दिलं. नागपूरच्या डॉक्टरनं नळी घालून पाह्यलं, गाठ निघाली, आन् ऑपरेशन केलं. आत्या परत आली तेव्हा तिच्या गळ्याच्या खड्ड्यात एक भोक होतं, त्यावर पांढऱ्या मलमलचा तुकडा बांधलेला. बोलणं संपलं. जी बाई आयुष्यभर वर्गात बोलली, तिच्या हातात पोरासोरांची पाटी आली. नोकरी पण तेव्हाच संपली. होस्टेलची खोली रिकामी करून ती कायमची आमच्याकडं राहाले आली.

आली त्या दिवशी तिनं दाराची कडी वाजवली. आई आतून ओरडली का आज काही घ्यायचं नाही. तिले वाटलं बोहारीण आली. मंग बाहेर येऊन पाहते तं आत्या, एका पायानं दुसऱ्या पायाची चप्पल काढून राहिली. आई त्या दिवशी कणिक मळता मळता रडत होती आन् नाकाले पीठ लागलं होतं, ते पुसायचं पण तिले समजत नव्हतं. दुसऱ्या दिवशी आत्या बगिच्यातून परत आली तं मी तिच्या मागंच होती. तिनं कडीले हात लावला, आन् मी काही ठरवलेलं नसतानी माह्या गळ्यातून तिचा आवाज निघाला, "आली गं मी." हुबेहूब. तो जरा घोगरा शेवट, तो "गं" वरचा हेलकावा. आत्या गर्रकन वळली. मले वाटलं आता थोबाडीत बसते. पण तिचे खांदे हालाले लागले. ती हसत होती, बिनआवाजाची. आतून आई म्हणाली, "या ताई, चहा ठेवला," आन् मंग तिच्या हातचं भांडं पडल्याचा आवाज आला.

तेव्हापासून आत्याचा आवाज माह्याकडं राहाले आला. ती पाटीवर लिहे, मी तिच्या आवाजात बोलायची. लोधीखेड्याच्या शाळेचं काम चालू होतं, तिथं शंकर मिस्त्री होता, सौंसरचाच, आत्याच्या हाताखाली बरीच वर्षं काम केलेला. आत्यानं पाटीवर लिहिलं, वाळू चाळा. मी म्हटलं, "शंकर, ही वाळू आहे का रस्त्यावरची खडी? चाळून घ्या, मग माझ्याशी बोला." शंकर सवयीनं "हो साहेब" म्हणून गेला. आत्यानं पाटी पुसून लिहिलं, एवढं मी लिहिलं नव्हतं. मी म्हटलं, पण म्हटलं असतं ना. तिनं हो म्हणून मान हालवली.

आता हे लिहितानी मले वाटते, सतरा-अठरा वर्षांच्या पोरीले ते सगळं खेळासारखंच होतं. कोणाचा आवाज आपल्या गळ्यात वागवणं म्हणजे काय, हे तेव्हा समजत नाही.

दुखणं परत आलं. नागपूरचा डॉक्टर बाबाले बाजूले घेऊन बोलला. बाबा बसमधून आले, जेवले नाहीत, सायकल काढून शंकर मिस्त्रीचा पत्ता शोधत गेले. दसरा होऊन गेला होता, ताईच्या तुकड्यावर त्या वर्षीची फक्की ताजी होती. बाबा मिस्त्रीले म्हणाले, यंदा हा चुना पावसात जाऊ द्यायचा नाही. आत्यानं पाटीवर बाबासाठी एवढंच लिहिलं, एक दिवस तरी, बंडू. बाबानं पाटी हातात घेतली, बराच वेळ धरून राह्यले, आन् पुसली नाही. तशीच ठेवून दिली.

संत्र्याचा तोडा चालू होता तेव्हा जोतं भरून झालं. मुरूम दाबून वर सारखं केलेलं, त्यावर आतल्या भिंतींच्या रेघा मारलेल्या. एक खोली, एक स्वयंपाकघर, समोर ओटा. टेबल खिडकीशी. एक पलंग. एक चूल. आता भिंती चढणार, म्हणून आत्यानं तिचा नियम काढला. घर जगून पाह्यल्याबिगर वीट ठेवायची नाही. तिनं माह्याकडं बोट दाखवलं. आता तिचं सोंग घेणारी कोणीतरी होती.

दुपारची वेळ होती. आत्याले संत्र्याच्या झाडाखाली लोखंडी खुर्चीवर बसवलं, मांडीवर पाटी. शंकर मिस्त्री आन् मुरूम दाबणाऱ्या दोन बाया एका बाजूले बसल्या. बाबा दूर, बांधावर, छत्री उघडून उभे. आई घरी गुरगुट्या भात करत होती, आत्याले आता तेवढाच घशाखाली उतरे. मी आत्याची झोळी खांद्यावर घेतली, तिची नळी काखेत धरली, रस्त्यावरून चालत आली. तिची चाल अशी, डावा खांदा जरा खाली. बाया लगेच हसाले लागल्या. मी चुन्याच्या दाराशी थांबली. एका पायानं दुसऱ्या पायाची चप्पल काढली. म्हटलं, "आली गं मी."

आन् थांबली. सवयीनं थांबली. प्रत्येक घराच्या खेळात इथं कोणीतरी ओ देतेच. सासू देते, नवरा देते, पोट्टे धावत येतात. या घरात मीच एकटी होती. मंग मी आत शिरली, चूल पेटवली, एका कपाचा चहा केला, खिडकीशी बसून फुंकून फुंकून प्याली, चश्मा पदरानं पुसला, नकाशा पसरला. बाया लोटपोट. शंकर म्हणत होता, साहेबच, साहेबच.

मले आत्याचं ते वाक्य आठवलं, आन् मी खुर्चीकडं पाह्यलं. आत्या हसत नव्हती.

तिनं पाटीवर टकटक केलं. पुन्हा दारातून. मी पुन्हा रस्त्यावरून आली. आली गं मी. पुन्हा ती शांतता. आत्या कपाळाले आठ्या घालून पाहत होती, अगदी कोणाच्या नकाशात खोट सापडली की पाहे तशी. तिनं शंकरले खूण केली, स्वयंपाकघराची रेघ पुसली, चूल दाराजवळ आणली. पुन्हा. मी आली, म्हटलं, थांबली. काही नाही. तिनं दार फिरवलं, ओट्याच्या बाजूले घेतलं. पुन्हा. मधली भिंत कमी केली, का आवाज आतपर्यंत जावा. पुन्हा. माही जीभ जड होऊन राहिली होती. बायांचं हसणं कधीच थांबलं होतं. आत्या उठून स्वतः फक्कीचं टोपलं घेऊन वाकली, एक रेघ इकडं, एक तिकडं, पांढरी धूळ तिच्या गळ्यावरच्या मलमलवर बसत होती. ती घरात चूक शोधत होती. तिले वाटत होतं एखादी रेघ चुकली असेल, म्हणून आतून ओ येत नाही. आयुष्यभर दुसऱ्यायच्या घरात तिले अशा चुका सापडल्या होत्या, आन् सगळ्या दुरुस्त झाल्या होत्या.

मी पुन्हा दाराशी उभी राह्यली. माहे डोळे भरून आले होते, पण आवाज तिचाच काढायचा होता, तो रडून चालत नव्हता. म्हटलं, "आली गं मी."

बांधावरून बाबा म्हणाले, "ये ताई. चहा ठेवला."

त्यायनं छत्री मिटली होती. बाबा, जे सोंगाले नौटंकी म्हणत, ते चपला काढून चुन्याच्या दारातून आत आले, रेघेवर पाय पडू न देता, आन् दाराजवळच्या त्या चुलीपाशी उकिडवे बसले. चुन्याच्या चुलीवर त्यायनं हातानं भांडं ठेवल्यासारखं केलं. गणिताच्या मास्तरले नक्कल काय येते, हात कुठं ठेवावा हे पण समजत नव्हतं. दोन कप भरले. एक माह्यासमोर ठेवला. मी तो आत्याच्या आवाजात प्याली, म्हणजे फुंकून फुंकून.

मी खुर्चीकडं पाह्यलं. आत्याचे खांदे हालत होते. यावेळी ते हसणं नव्हतं. मंग तिनं पाटी जवळ ओढली, त्यावर काही लिहिलं नाही, नुसता शंकर मिस्त्रीले अंगठा दाखवला. बांधा.

खिडकीच्या खालपर्यंत भिंती चढल्या तेव्हा आत्या गेली. आमच्याच घरी गेली, आतल्या खोलीत, आईचा हात धरून. एक दिवस तरी, असं तिनं लिहिलं होतं. तो दिवस कोणता धरायचा हे आमच्यात कोणी बोललं नाही. बाबानं घर पुरं केलं, तिच्या रेघांपेक्षा एक वीत इकडंतिकडं होऊ दिलं नाही. चूल दाराजवळ, दार ओट्याकडं. तिच्या कितीतरी विद्यार्थिनी पाहाले आल्या, आन् त्यातली एक म्हणाली का मॅडमनं चूल दाराशी कशी काय ठेवली, त्या तर कधी ठेवत नव्हत्या. 

मी आर्किटेक्ट झाली नाही, गणितानं माह्यावर सूड घेतला. पांढुर्ण्याले प्रायमरी शाळेत शिकवते, लग्नसराईत माइक हातात घेऊन लोकांले हसवते. आई गेल्यावर बाबा ताईच्या घरात राहाले गेले. आता त्यायले कमी ऐकू येते, पण चुलीपाशी बसले असले की दारातलं सगळं ऐकू येते. मागच्या महिन्यात मी गेली तं ते म्हणाले, एकदा तिचा आवाज काढ ना. इतक्या वर्षांत त्यायनं कधी म्हटलं नव्हतं, आन् मी पण त्या दुपारनंतर तो कोणासमोर काढला नव्हता. मी बाहेर गेली. दाराशी उभी राह्यली. एका पायानं दुसऱ्या पायाची चप्पल काढली आन् म्हटलं, "आली गं मी."

माह्याच कानाले समजलं. तो तिचा नव्हता. मी माह्याच जुन्या नकलेची नक्कल करत होती, मधातली बाई कुठंतरी गळून गेली होती.

आतून बराच वेळ काही आलं नाही. मंग बाबा म्हणाले, "असा नव्हता तो." आन् तसेच बसल्या बसल्या म्हणाले, "पण ये. चहा ठेवला."

मी आत गेली. चुलीच्या जागचा गॅस बंद होता. मी भांडं शोधाले लागली.